क्रुक्सचा चष्मा



तुमच्या आजी-आजोबांना विचारून पाहा, 'क्रुक्स' हा शब्द त्यांना नक्की आठवेल. पूर्वी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचा नंबर लिहून झाला की दुकानदाराचा पुढचा प्रश्न ठरलेला असे, काच साधी बसवायची की क्रुक्स? क्रुक्स म्हणजे किंचित धुरकट झाक असलेली काच. ती थोडी महाग पडे, पण उन्हात डोळ्यांना बरी वाटे. इंदूरचा एप्रिल-मे ज्यांनी सायकलवरून काढला आहे त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. माझ्या वडिलांच्या चष्म्याच्या पावतीवर दरवेळी 'क्रुक्स बी-टू' असे लिहिलेले असायचे. हे एखाद्या विलायती कारखान्याचे नाव असावे अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. कॉलेजात रसायनशास्त्र शिकताना कळले की हे एका माणसाचे आडनाव आहे, आणि तो माणूस भौतिकशास्त्राच्या पुस्तकातल्या 'क्रुक्स नळी'चाच जनक.

सर विल्यम क्रुक्स यांचे चरित्र सांगायचे तर थॅलियम हे मूलद्रव्य आणि निर्वात नळ्या यांपासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. ते सारे मी सांगणार आहेच, पण जरा झटपट. कारण वयाच्या सत्तरीनंतर, जेव्हा माणसे आठवणी लिहायला बसतात तेव्हा, त्यांनी जे काम हाती घेतले ते मला अधिक सांगावेसे वाटते. ते काम होते भट्टीपुढे राबणाऱ्या काच कामगारांच्या डोळ्यांसाठी काच शोधण्याचे.

क्रुक्स यांचा जन्म 17 जून 1832 रोजी लंडनमध्ये झाला. वडील जोसेफ क्रुक्स हे शिंपी. उत्तर इंग्लंडमधून लंडनला येऊन त्यांनी धंद्यात चांगला जम बसवला होता. घरात मुलांचा गोतावळा मोठा, आणि वडिलांच्या दुसऱ्या पत्नीच्या सोळा मुलांत विल्यम थोरले. शाळेतले शिक्षण तुटक तुटकच झाले. 1848 मध्ये ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत दाखल झाले आणि तिथे हॉफमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांना खरी दिशा मिळाली. फॅरेडे यांच्याशीही त्यांची ओळख झाली. फॅरेडे हे पुस्तकबांधणीच्या दुकानातून पुढे आलेले आणि क्रुक्स शिंप्याच्या घरातले. प्रयोग स्वतःच्या हातांनी करायचा, अशी दोघांचीही वृत्ती.

पुढे काही काळ ऑक्सफर्डच्या वेधशाळेत आणि नंतर चेस्टर येथील अध्यापक विद्यालयात त्यांनी नोकरी केली. 1856 मध्ये एलेन हंफ्री यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लंडनला परतल्यावर मात्र त्यांनी कोणत्याही विद्यापीठाची प्राध्यापकी केली नाही. 1859 मध्ये त्यांनी 'केमिकल न्यूज' हे साप्ताहिक सुरू केले आणि जवळजवळ अर्धे शतक त्याचे संपादन सांभाळले. संपादन, कारखान्यांना सल्ला देणे आणि वडिलोपार्जित पैसा यांवर घर चाले, आणि घरातच प्रयोगशाळा चाले. 1880 च्या सुमारास ते केन्सिंग्टन पार्क गार्डन्समधल्या ज्या घरात राहायला गेले, ते विजेचे दिवे लागलेल्या इंग्लंडमधल्या अगदी पहिल्या काही घरांपैकी एक होते.

थॅलियमची गोष्ट 1861 ची. जर्मनीतील हार्झ पर्वताच्या भागातल्या एका गंधकाम्लाच्या कारखान्यातून आलेला गाळ क्रुक्स यांच्याकडे पडून होता. त्याची चिमूट ज्योतीत धरून वर्णपटदर्शकातून पाहिले तेव्हा तिथे एक लखलखीत हिरवी रेघ दिसली. ज्ञात मूलद्रव्यांपैकी कोणाचीही रेघ त्या जागी नव्हती. नव्या मूलद्रव्याला त्यांनी थॅलियम हे नाव दिले, ग्रीक भाषेतल्या कोवळ्या हिरव्या अंकुरावरून. फ्रान्समधल्या लामी यांनीही स्वतंत्रपणे हेच मूलद्रव्य शोधले आणि त्याचा धातू मोठ्या प्रमाणात वेगळा काढला. त्यावरून पहिला मान कोणाचा असा वादही रंगला. 1863 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, क्रुक्स रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

थॅलियमचा अणुभार काढण्यासाठी त्यांनी निर्वात पेटीत तराजू ठेवून अतिशय काटेकोर वजने केली. तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. वस्तू गरम असली की वजनात बारीकसा फरक दिसे. या फरकाचा पाठपुरावा करताना 1875 च्या सुमारास 'रेडिओमीटर' जन्माला आला. काचेच्या फुग्यात चार पात्यांची भिंगरी असते, पात्यांची एक बाजू काळी आणि दुसरी चकचकीत. ऊन पडले की भिंगरी गरगर फिरू लागते. काही शाळांच्या प्रयोगशाळेत हे खेळणे अजून दिसते. प्रकाशाच्या धक्क्याने ती फिरते असे क्रुक्स यांना प्रथम वाटले, पण ते खरे नव्हते. फुग्यात उरलेल्या विरळ हवेचे रेणू हे त्याचे कारण आहे, हे पुढे इतरांनी दाखवून दिले.

त्यानंतर निर्वात नळ्या आल्या. नळीतली हवा जवळजवळ पूर्ण काढून विजेचा उच्च दाब दिला की ऋण टोकाकडून काहीतरी सरळ रेषेत निघते, वाटेत धातूचा क्रूस ठेवला तर पलीकडच्या चमकणाऱ्या काचेवर त्याची सावली पडते आणि लोहचुंबक जवळ नेला की तो झोत वाकतो. हे सारे क्रुक्स यांनी 1879 मध्ये शेफील्डच्या सभेत दाखवले. 1895 मध्ये रंटगेन यांना क्ष-किरण दिसले ते अशाच प्रकारच्या नळीतून, आणि 1897 मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन ओळखला तोही याच झोतात. क्रुक्स यांच्या प्रयोगशाळेतल्या फोटोच्या काचा न उघडताच काळवंडत आणि ते कारखानदाराकडे तक्रार करीत, अशी गोष्ट सांगतात. तसे असेल तर क्ष-किरण त्यांच्या दारात येऊन परत गेले म्हणायचे.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट चरित्रकारांना अडचणीची वाटते. ती झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. 1867 मध्ये त्यांचा धाकटा भाऊ फिलिप समुद्रात तारेचा केबल टाकण्याच्या मोहिमेवर असताना पीतज्वराने वारला. त्यानंतर क्रुक्स प्रेतात्म्यांशी बोलणाऱ्या माध्यमांच्या बैठकांना जाऊ लागले, आणि त्यांतल्या काहींचे प्रयोग खरे असल्याचे त्यांनी जाहीरपणे लिहिले. सहकारी शास्त्रज्ञांनी त्यांची टर उडवली. अंधाऱ्या खोलीतल्या त्या प्रकारांना आज कोणी विज्ञान म्हणणार नाही. मिलिग्रॅमचा हिस्सा मोजणारा माणूस इथे फसला, असेच माझे मत आहे. पण भावाच्या दुःखातून माणूस काय काय करतो, हेही आपण जाणतो.

मधल्या वर्षांत त्यांनी 'दुर्मिळ मृदा' नावाच्या धातूंच्या संयुगांवर चिकाटीने काम केले. सेरियम, निओडिमियम, प्रासिओडिमियम ही त्यांतली काही नावे. एकमेकांशी इतके साम्य असलेले हे धातू वेगळे करायचे म्हणजे तेच ते स्फटिकीकरण शेकडो वेळा करायचे. हे काम पुढे काचेच्या संशोधनात उपयोगी पडणार होते, पण तेव्हा त्याची कल्पना कोणालाच नव्हती. 1897 मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. 1898 मध्ये ब्रिस्टल येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून त्यांनी जगाला गहू कमी पडणार असल्याचा इशारा दिला आणि हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवण्याचे आवाहन रसायनशास्त्रज्ञांना केले. पुढे हाबर आणि बॉश यांच्या पद्धतीने जर्मनीत 1913 मध्ये तसा कारखाना उभाही राहिला.

आता काचेच्या भट्टीकडे येऊ.

काच वितळवायला हजार अंश सेल्सिअसच्या कितीतरी वर तापमान लागते. त्या काळी बाटल्या बनवणारा कामगार भट्टीच्या लालभडक तोंडासमोर उभा राहून लोखंडी नळीच्या टोकावर काचेचा गोळा घेई, फुंके, फिरवी, पुन्हा तापवी. दिवसाकाठी शेकडो वेळा त्याचे डोळे त्या झगझगीत तोंडाकडे लागलेले असत. असे वीस-पंचवीस वर्षे काम केलेल्या अनेकांना ऐन उमेदीत मोतीबिंदू होई. म्हातारपणी होणाऱ्या मोतीबिंदूपेक्षा तो निराळा असे. डोळ्यातल्या भिंगाच्या मागच्या बाजूला, मध्यभागी त्याची सुरुवात होई. हात शाबूत, छाती शाबूत, पण नजर गेली की कामगार घरी बसला. इंग्लंडमध्ये यावर आवाज उठला. हा धंद्यातून आलेला रोग आहे की नाही आणि असल्यास उपाय काय, हे पाहण्यासाठी 1908 मध्ये रॉयल सोसायटीने एक समिती नेमली. क्रुक्स तिचे सदस्य होते.

योगायोग पाहा. त्याच 1908 मध्ये आपल्याकडे तळेगाव दाभाडे येथे लोकांकडून एक-एक पैसा गोळा करून उभारलेला 'पैसा फंड' काच कारखाना सुरू झाला. स्वदेशीच्या त्या दिवसांत आपली मराठी मुले भट्टीपुढे उभी राहून काच फुंकायला शिकत होती. म्हणजे क्रुक्स ज्या प्रश्नावर विचार करीत होते तो केवळ विलायतेचा नव्हता.

प्रश्न नीट समजून घेऊ. सूर्यप्रकाश लोलकातून गेला की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा पडतो. तांबड्याच्या अलीकडे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण असतात, त्यांना अवरक्त म्हणतात. विल्यम हर्शेल यांनी ते 1800 मध्ये शोधले. जांभळ्याच्या पलीकडेही न दिसणारे किरण असतात, ते अतिनील. रिटर यांनी 1801 मध्ये त्यांचा माग काढला. बर्फाच्या प्रदेशात किंवा विजेच्या कमानदिव्यापाशी डोळे सुजतात ते अतिनील किरणांमुळे, हे माहीत झालेले होते. त्यामुळे काच कामगारांच्या मोतीबिंदूचा संशयही अनेकांनी आधी अतिनील किरणांवरच घेतला.

मग अतिनील अडवणारी काच बनवा, एवढे सोपे का नाही? साधी खिडकीची काचसुद्धा अतिनीलातला सर्वांत तीव्र भाग अडवतेच. पण जांभळ्या रंगाला लागून असलेला अतिनीलाचा पट्टा तिच्यातून आरपार जातो. तो अडवायचा तर काचेत एखादा शोषक पदार्थ मिसळावा लागतो, आणि अडचण इथेच येते. अशा पदार्थाची हद्द सुरीने कापल्यासारखी नसते, ती उतरणीसारखी असते. अतिनील पूर्ण गिळायला लावले की तो शेजारच्या जांभळ्या-निळ्या रंगाचाही घास घेतो. पांढऱ्या प्रकाशातून निळा कमी झाला की काच पिवळी दिसू लागते. त्या वेळी बाजारात मिळणाऱ्या संरक्षक काचा पिवळट किंवा हिरवट असत. काच कामगाराला तर तापलेल्या गोळ्याच्या रंगावरून काम करायचे असते, गोळा किती मऊ झाला ते तो रंगावरून ओळखतो. त्याच्या डोळ्यांवर रंग बदलणारा किंवा अंधार करणारा चष्मा चढवला तर तो दुसऱ्या दिवशी चष्मा काढून ठेवणार. माणूस जो चष्मा वापरणारच नाही, त्याचा उपयोग काय?

क्रुक्स यांनी तीन अटी समोर ठेवल्या. अतिनील अडावे, उष्णतेचे किरण अडावेत, आणि दिसणारा प्रकाश मात्र होईल तितका रंग न बदलता आत यावा. तेव्हा त्यांचे वय 77 च्या आसपास होते.

कामाची पद्धत त्यांच्या स्वभावाला साजेशीच होती. सोड्याची एक साधी मूळ काच घ्यायची, तीत एकेका धातूचे संयुग वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायचे, वितळवायचे, सारख्या जाडीच्या चकत्या कापून घासून चकचकीत करायच्या. मग प्रत्येक चकतीच्या तीन परीक्षा. काच स्वतःच अतिनील अडवते, म्हणून परीक्षेसाठी गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या लोलकाचे उपकरण घेऊन फोटोच्या काचेवर वर्णपट उमटवायचा आणि अतिनील कुठे संपते ते पाहायचे. उष्णतेचा झोत किती अडतो ते मोजायचे. आणि पांढऱ्या प्रकाशाचा शेकडा किती भाग आत येतो, तेही. सेरियम, क्रोमियम, कोबाल्ट, तांबे, लोह, शिसे, मँगनीज, निकेल, युरेनियम, निओडिमियम, प्रासिओडिमियम असे एकामागून एक धातू त्यांनी तपासले. तीनशेहून अधिक काचा बनवल्या गेल्या.

त्यांत सेरियम उठून दिसला. सेरियमयुक्त काच अतिनील चांगले गिळते आणि तरीही जवळजवळ रंगहीन राहू शकते. हा धातू क्रुक्स यांच्या जुन्या ओळखीचा, आणि त्या काळात तो मुबलकही झाला होता. याला कारण गॅसबत्तीची जाळी. पेट्रोमॅक्सची जाळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती आठवेल. ती थोरियमपासून बनवीत. थोरियमसाठी मोनाझाइट नावाची वाळू लागे आणि त्या वाळूत थोरियमपेक्षा सेरियम कितीतरी जास्त, पण जाळीत लागे तो शेकडा एक भाग. उरलेल्या सेरियमचे करायचे काय, हा कारखानदारांना प्रश्नच होता. अशीच मोनाझाइट वाळू 1909 मध्ये आपल्या त्रावणकोरच्या किनाऱ्यावरही सापडली.

उष्णतेसाठी मात्र सेरियमचा उपयोग नव्हता. तिथे लोह कामाला आले. लोहाची दोन रूपे असतात, फेरस आणि फेरिक. फेरस लोह उष्णतेचे किरण शोषून घेते आणि काचेला निळसर-हिरवी झाक देते. फेरिक लोहाची झाक पिवळट आणि उष्णता अडवण्यात ते कमी. म्हणून काच वितळवताना लोह फेरस रूपातच राहील याची काळजी घ्यावी लागे आणि त्यासाठी मिश्रणात कोळशासारखे, ऑक्सिजन ओढून घेणारे पदार्थ घालावे लागत.

आता नववी-दहावीच्या मुलांनी जरा विचार करा. एकाच काचेत सेरियम आणि फेरस लोह दोन्ही भरपूर घातले तर? सेरियम ऑक्सिजन देऊ पाहणारा, म्हणजे ऑक्सिडीकारक. तो फेरस लोहाला फेरिक बनवतो. काचेतली लोहामुळे आलेली हिरवी झाक घालवण्यासाठी सेरियम वापरतात तो याच गुणामुळे. म्हणजे एकजण जे सांभाळतो ते दुसरा बिघडवतो. अतिनील, उष्णता आणि स्वच्छ पारदर्शकता ही तीन माणसे एका बाकावर बसेनात, दोघे बसले की तिसरा उठतो.

नोव्हेंबर 1913 मध्ये क्रुक्स यांनी आपला निबंध रॉयल सोसायटीपुढे ठेवला आणि 1914 मध्ये तो सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये छापून आला. त्यात काचांच्या कृती प्रमाणांसह दिल्या आहेत. उष्णतेचे 90 टक्क्यांहून अधिक किरण अडवणाऱ्या, अतिनीलाला अपारदर्शक आणि चष्म्यासाठी चालतील इतपत कमी रंगाच्या काचा आपल्याला साधल्या, असे त्यांनी नोंदवले. पण तिन्ही गुण एकाच काचेत पूर्णत्वाने एकत्र आणणे जमलेले नाही आणि दोन्ही टोकांचे अदृश्य किरण छाटून सगळे रंग जसेच्या तसे सोडणारी आदर्श काच अजून सापडायची आहे, हेही त्यांनी त्याच निबंधात स्पष्ट केले. मला हा भाग फार आवडतो. तीनशे काचा घडवल्यावर एखाद्याने यशाचाच डंका पिटला असता.

आदर्श काच नाही, मग जी आहे ती कोणाला द्यायची? काच कामगारासाठी त्यांनी उष्णता अडवण्याला पहिला मान दिला. 246 क्रमांकाची त्यांची काच या कामासाठी म्हणून प्रसिद्ध झाली. झाक पत्करली, पण भट्टीची धग डोळ्यापर्यंत जाऊ दिली नाही. उलट उन्हात, बर्फात किंवा समुद्रावर फिरणाऱ्याला भट्टीची धग नसते, त्याच्यासाठी सेरियमच्या जवळजवळ रंगहीन काचा अधिक योग्य. डोळ्याला थोडी झाक सुखावहच वाटते, असेही त्यांचे निरीक्षण होते.

त्यांनी दोन्ही टोकांचे किरण विचारात घेतले, हे किती बरे झाले! भट्टीतून येणाऱ्या किरणांत अतिनीलाचा वाटा अगदी थोडा असतो आणि अवरक्ताचा प्रचंड. काच कामगारांच्या मोतीबिंदूला मुख्यतः अवरक्त किरणच जबाबदार आहेत, हे पुढच्या काही दशकांतल्या संशोधनाने पक्के झाले. फक्त अतिनीलाच्या मागे लागून अगदी रंगहीन सेरियमची काच कामगारांच्या डोळ्यांवर चढवली असती, तर दिसायला सुंदर चष्मा घालून त्यांची नजर गेली असती.

निबंध वाचल्यानंतर काही दिवसांतच, 1913 च्या डिसेंबरात, क्रुक्स रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. वय 81. ते पद त्यांनी 1915 पर्यंत सांभाळले. 1916 मध्ये, साठ वर्षांच्या सहजीवनानंतर, एलेन गेल्या. 4 एप्रिल 1919 रोजी लंडनमध्ये क्रुक्स यांचे निधन झाले. त्यांना ब्रॉम्प्टनच्या दफनभूमीत पुरले.

काचेचा प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर संपला नाही, तो दुसऱ्याच वाटेने पुढे आला. क्रुक्स काचेत धातू मिसळत होते त्याच सुमारास, 1909 मध्ये, फ्रान्समधले चित्रकार आणि रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांनी दोन काचांच्या मध्ये सेल्युलॉइडचा पातळ थर चिकटवून न विखुरणाऱ्या काचेचे पेटंट घेतले. आपण हिला थरांची किंवा लॅमिनेटेड काच म्हणतो. मोटारीच्या पुढच्या काचेला दगड लागला की कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात पण तुकडे अंगावर येत नाहीत, ते मधल्या थरामुळे. पण सुरुवातीच्या या काचांचा एक दोष होता. उन्हातले अतिनील किरण मधल्या सेल्युलॉइडवर पडून काही वर्षांत तो थर पिवळा आणि गढूळ होई. बाहेरची काच शाबूत, पण आतल्या ड्रायव्हरला रस्ता धुक्यातून पाहिल्यासारखा दिसे. 1930 च्या दशकाच्या अखेरीस पॉलिव्हिनिल ब्युटिरल नावाचे नवे प्लास्टिक या थरासाठी आले आणि पिवळेपणाची तक्रार बरीच मिटली. आता या थरात अतिनील शोषणारे पदार्थ मिसळतात. आजच्या मोटारीची पुढची काच डोळ्याला स्वच्छ दिसते आणि तरी सुमारे 380 नॅनोमीटरच्या खालचे जवळजवळ सगळे अतिनील अडवते. (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.)

380 वरच का थांबायचे, असे कोणी विचारील. कारण तेच जुने. हद्द 400 पर्यंत ओढली की जांभळ्या रंगाला हात लागतो आणि काचेवर पिवळी छटा येण्याचा धोका वाढतो. संग्रहालयात जुनी चित्रे किंवा रेशमी वस्त्रे ठेवायची असतील, तर रंग उडू नये म्हणून ही छटाही थोडीफार पत्करतात. घराच्या खिडकीला ती नकोशी वाटते. आपल्याला नेमके काय वाचवायचे आहे ते आधी ठरवावे लागते, तेव्हा कुठे काच ठरते. क्रुक्स यांनी भट्टीवाल्यासाठी एक आणि उन्हातल्या माणसासाठी दुसरी काच सांगितली, ती याच हिशेबाने.

आणि सेरियम? तो अजून कामावर आहे. कृत्रिम उपग्रहांच्या सौर पट्ट्यांवर पातळ काचेचे आवरण असते. अवकाशातल्या किरणांच्या माऱ्याने काच काळवंडू नये आणि अतिनील किरण खालच्या भागापर्यंत पोहोचू नयेत म्हणून त्या काचेत सेरियम मिसळतात. प्रकाश मात्र पुरेपूर आत यावा लागतो, नाहीतर वीज कशी तयार होणार?

वडिलांचा तो बी-टू चष्मा अजून घरात एका डब्यात आहे, डाव्या काचेला ओरखडा पडलेला. नंतर प्लास्टिकची भिंगे आली, आणि क्रुक्स हे नाव कित्येक दुकानांत नुसत्या रंगाच्या छटेसाठी उरले. काळी काच म्हणजे सुरक्षित काच असे अनेकांना वाटते, ते बरोबर नाही. गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि त्या काचेत अतिनील अडवण्याची सोय नसेल तर उलट जास्त किरण आत जाऊ शकतात. म्हणून या उन्हाळ्यात बाजारात गॉगल घ्यायला गेलात तर तो किती काळा आहे हे पाहू नका. त्यावर 'यूव्ही 400' असे लिहिले आहे का ते पाहा, आणि लेबलावर भरवसा नसेल तर बऱ्याच चष्मेवाल्यांकडे काच तपासण्याचे छोटे यंत्र असते, त्यावर ती ठेवून दाखवायला सांगा.